थांबा म्हणणारी तार

निकोलस मार्कर गेल्याच्या महिन्याची मिस्सा आटोपली, कबरीपाशी फादरांची प्रार्थना झाली, आणि त्याच्या घरची माणसं गिरीजच्या वाडीत परतली तरी एडवर्डचा पत्ता नव्हता. व्हॅलेरियनला मनातून बरं वाटत होतं. नंदाखालहून सायकलवर यायला असा कितीसा वेळ लागतो? म्हणजे तो येत नाही. काल रात्रीच्या विमानाने उतरला, दमला असेल, झोपला असेल. परवा दोघांना मिळूनच लंडनला निघायचं होतं. जे काय बोलायचं ते विमानात बोलू, इथे नको, या ओटीवर तर नकोच.

ओटीवर मटिल्डावहिनी पानं मांडत होती. महिनाभर या घरात मासमटण शिजलं नव्हतं. आज मिस्सेनंतर पहिल्यांदा परसात मोठं पातेलं चढलं होतं आणि मसाल्याचा वास केळीतून पार रस्त्यापर्यंत गेला होता. जूनचं आभाळ सकाळपासून खाली आलं होतं. वारा नव्हता. माणसं रुमालाने मानेवरचा घाम पुसत होती आणि हळू आवाजात भाताच्या रोपांविषयी बोलत होती.

"एडवर्डचं पान मांडू काय?" मटिल्डाने विचारलं.

 तिचा नवरा, घरातला थोरला प्लासिड, खांबाला टेकलेला सरळ झाला. "मांड. येऊ दे त्याला. मला त्याला एकच गोष्ट विचारायची हाय."

 समोर व्हॅलेरियनची बहीण बेटी पेले पुसत होती. तिचा हात क्षणभर थांबला आणि पुन्हा चालू लागला. एडवर्डशी तिचा साखरपुडा नाताळनंतर झाला होता, आणि तो ठरवला होता खुद्द निकोलसने. दुखवट्यामुळे लग्न पुढे गेलं होतं. पण ते होणार की नाही हे आज, या जेवणात ठरणार होतं. घरातल्या प्रत्येकाला ते ठाऊक होतं, आणि म्हणूनच सगळे रोपांविषयी बोलत होते.

निकोलसने एकतीस वर्षं मुंबईच्या एका जिमखान्यात मार्करची नोकरी केली. मार्कर म्हणजे टेनिसचा पगारी खेळाडू. साहेबाला जोडीदार मिळाला नाही की समोर उभं राहायचं, त्याच्या हाताला येईल असा बॉल द्यायचा आणि शेवटचा गेम त्याला जिंकू द्यायचा. पगार घेतो म्हणून स्पर्धेत मात्र नाव घालायची बंदी. या गोष्टीचा निकोलसने कधी राग केला नाही, निदान बोलून दाखवला नाही. त्याने एवढंच केलं की घरचं भाताचं खळं शेणाने सारवून त्यावर चुन्याच्या रेघा मारल्या, खाडीकडच्या काळूरामकडून जुनं जाळं आणून मधे बांधलं, आणि धाकट्या मुलाला, व्हॅलेरियनला, आणि नंदाखालच्या मित्राच्या मुलाला, एडवर्डला, हातात रॅकेट देऊन उभं केलं. "दोघांत मिळून एक खेळाडू हाय," असं तो कौतुकाने सांगायचा, आणि ते खरंही होतं. एकट्याने पुढे जाण्याइतकी दोघांचीही सर्व्हिस नव्हती. जोडीने मात्र ते भल्या भल्यांना हरवत.

त्या जोडीवर त्यांचं पोट सहा वर्षं चाललं होतं. आठवड्याला एक गाव, एका खोलीत दोन पलंग, बेसिनमध्ये धुतलेले कपडे, स्वतःच्या हाताने ओढलेल्या रॅकेटच्या तारा. दुहेरी बघायला माणसं येत ती पुढच्या एकेरीसाठी जागा धरून बसलेली. पेपरात नाव आलं तर सगळ्यात खाली, बारीक अक्षरात, आणि तेही चुकीचं. पण मार्करच्या पोराला परदेशात खेळाडू म्हणतात, एवढ्यावर निकोलस खूष होता. पुढच्या तीन महिन्यांच्या गावांचे आणि हॉटेलांचे पत्ते व्हॅलेरियन एका कागदावर लिहून द्यायचा. तो कागद म्हातारा कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवायचा.

त्या कागदावरूनच मे महिन्यात प्लासिडने तार केली होती. जर्मनीतल्या एका लहान गावात, गुरुवारी संध्याकाळी, हॉटेलवाल्या बाईने ती व्हॅलेरियनच्या हातात ठेवली. बाबा गेले, ताबडतोब निघ. एडवर्डने ती त्याच्या खांद्यावरून वाचली आणि काही न बोलता बॅग भरायला घेतली, स्वतःची नव्हे, व्हॅलेरियनची. व्हॅलेरियन पलंगावर बसून राहिला. दुसऱ्या दिवशी उपांत्य सामना होता. तिथे जिंकले आणि पुढे अंतिमही मारला, तर विंबल्डनच्या दुहेरीत नाव थेट लागत होतं, पात्रता फेरीत न झगडता, आयुष्यात पहिल्यांदा.

"उद्याचा खेळतो," तो म्हणाला होता. "हरलो तर रात्रीचं विमान."

"येडा झालास काय? बाबा गेलेत."

"बाबांनाही हेच हवं असतं."

मेलेल्या माणसाच्या तोंडी आपल्याला हवं ते घालायला काय लागतं? शुक्रवारी सकाळी त्याने स्वतः पोस्टात जाऊन फॉर्म भरला. निघतो आहे, थांबा, व्हॅलेरियन. एडवर्ड बाहेर फुटपाथवर उभा होता. तो आत आला नाही.

इकडे घरातली माणसं थांबली. या घराची जुनी रीत होती की कबरीत पहिली मूठ माती धाकट्या मुलाची. ती पडल्याशिवाय बाकीच्यांनी हात लावायचा नाही. म्हणून त्यांनी उन्हाळ्यात बर्फ आणून निकोलसला गुरुवारी ठेवला, शुक्रवारी ठेवला, शनिवारी दुपारपर्यंत ठेवला. शेवटी फादरांनीच येऊन सांगितलं, आता पुरे. शनिवारी संध्याकाळी पाचला प्लासिडने भावाच्या वाटची मूठ टाकली, मग स्वतःची. जर्मनीत तेव्हा दुपार होती आणि अंतिम सामन्याचा दुसरा सेट चालू होता. सामना त्यांनी जिंकला.

सोमवारी व्हॅलेरियन घरी पोचला तेव्हा एकच वाक्य बोलला होता: "मला तार शनिवारी रात्री मिळाली."

"मग ती थांबा म्हणणारी तार?"

"ती मी केली नाही."

बस्स, एवढंच. एडवर्डचं नाव त्याने घेतलं नव्हतं, हे तो स्वतःला रोज सांगत असे. घ्यायची गरजच पडली नाही. खोलीत दोनच माणसं होती. एक नव्हे म्हटल्यावर दुसरं कोण, हे कुणालाही समजतं. एडवर्ड बदली जोडीदार घेऊन उरलेल्या स्पर्धा खेळत तिकडेच राहिला होता, आणि महिनाभर त्याच्या पाठीमागे या घरात त्याचा न्याय होत गेला. सुरुवातीला मटिल्डा त्याच्या बाजूने होती, हळूहळू गप्प झाली. प्लासिडला आधी शंका होती, पुढे खात्री झाली. सालोमीने, म्हणजे आईने, त्याचं नाव घेणंच सोडलं. एकटी बेटी म्हणत राहिली, "तो आला की विचारू."

काळूराम आला तो एडवर्डच्या थोडा आधी. म्हातारा, निकोलसच्या वयाचा, हातात खाडीच्या कोलंबीची पिशवी. ती मटिल्डाकडे देऊन तो ओटीच्या कडेला बसला आणि सालोमीला म्हणाला, "आज मयना झाला न? मला तर कालच वाटते."

"तू होतास म्हणून निभावलं, काळूराम."

"मी काय केला? बरफ आनला. पैल्या दिवशी दोन लाद्या, मंग चार, मंग सा. बंदरावरचा मानूस मला इचारते, काय रे काळू, येवढी कंची मासली गावली तुला? काय सांगनार त्याला? मी सांगितला, व्हय, मोठी हाय." त्याने धोतराच्या टोकाने डोळे पुसले. "निकोलसला मी मासली बोललो. अजून झोप नाय लागत मला."

सालोमीचा काळा पदर तोंडाशी गेला. "आणि पाणी," ती म्हणाली. "बर्फाचं पाणी सारखं गळत होतं. या ओटीवरून पायरीवर, पायरीवरून अंगणात. लोक येत होते, त्यांचे पाय भिजत होते. मी फडकं घेऊन पुसत बसलेली. आपल्या माणसाजवळ बसून रडायचं, ते मी फरशी पुसत होते. कोणाच्या भरवशावर? एका तारेच्या."

व्हॅलेरियन हे महिन्यात दहाव्यांदा ऐकत होता. दर वेळी त्याला वाटे, आता बोलावं. दर वेळी आई फडक्यापर्यंत यायची आणि तो शब्द गिळायचा. आज तो पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिला. तेवढ्यात फाटकाशी सायकल टेकल्याचा आवाज झाला.

एडवर्ड उन्हाने काळा पडला होता आणि वाळला होता. पांढरा शर्ट, दंडाला काळी फीत. तो आधी सालोमीसमोर गेला, वाकला, आणि म्हणाला, "आय, मी आधी कबरीवर जाऊन आलो. म्हणून उशीर झाला."

सालोमीने तोंड फिरवलं.

तो तसाच वाकलेला राहिला.  परसातला पळीचा आवाज थांबला. प्लासिड पुढे झाला. तो आवाज चढवणारा माणूस नव्हता. केळीच्या कामाने वाकलेला, कमी बोलणारा, धाकट्याने खेळावं म्हणून स्वतः वाडीत राहिलेला.

"एडवर्ड," तो म्हणाला, "तू माझ्या बाबाच्या हाताखाली शिकलास. या घरात जेवलास. माझी बहीण तुला दिली. म्हणून तुला सगळ्यांच्या समोर विचारतो, पाठीमागे नाय. माझी तार तिकडे पोचली कधी?"

"गुरुवारी," एडवर्ड म्हणाला. तो खोटं बोलायच्या तयारीने आलाच नव्हता.

"आणि व्हॅलेरियनला मिळाली शनिवारी रात्री. दोन दिवस ती कोणाजवळ होती?"

एडवर्डने मान वळवून व्हॅलेरियनकडे पाहिलं. त्या नजरेत आधी नुसता प्रश्न होता. महिनाभर इथे काय शिजत होतं याची त्याला कल्पना नव्हती. मग हळूहळू, एकेक चेहरा बघत, त्याला सगळं उमगलं. पुन्हा त्याने व्हॅलेरियनकडे पाहिलं. आता तो वाट बघत होता.

दुहेरीत दोघांच्या मधोमध येणारा बॉल सगळ्यात वाईट. दोघांनाही तो घेता येतो आणि म्हणूनच तो कुणीच घेत नाही. भल्या भल्या जोड्या त्याच बॉलवर मोडतात. यांची मोडली नव्हती, कारण व्हॅलेरियन क्षणभर जरी रेंगाळला तरी एडवर्ड तो उचलायचा. व्हॅलेरियनला बोलायला पुरेसा वेळ मिळाला होता. एक वाक्य बोलायचं होतं. त्याने तोंड उघडलंही. पण समोर आई होती, तिच्या मांडीवर तिचे फुगलेले, महिनाभर न झोपलेले हात होते, आणि तो रेंगाळला.

"माझ्याजवळ होती," एडवर्ड म्हणाला. "तार मीच ठेवून घेतली. थांबा म्हणून कळवलं ते पण मीच. फायनल खेळायची होती."

बेटीच्या हातातला पेला खाली पडला. स्टीलचा होता, फुटला नाही, नुसता फरशीवर गरगरत राहिला.

"बघा," कुणीतरी म्हणालं.

सालोमी उठली. तिला उभं राहायला मटिल्डाचा आधार लागला. "त्याने तुला रॅकेट धरायला शिकवली," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "आणि तू त्याला तीन दिवस बर्फावर ठेवलास. एका कपासाठी. माझी पोर तुझ्या घरात नाय द्यायची मला. प्लासिड, फादरांना उद्या सांग. मोडलं म्हणून सांग."

"आय, मी..." बेटी म्हणाली.

"तू बोलू नको, बाय."

"आय, मला विचारू तर दे त्याला!"

"काय विचारणार? त्याने तोंडाने सांगितलं. आता जा म्हणावं. काळूराम, तू जेवायला बस. मटिल्डा, वाढ."

आणि मटिल्डा खरंच वाढायला लागली. घरात चौदा माणसं जेवायची असली की जगबुडी आली तरी भात वाढावाच लागतो. एडवर्ड फाटकाकडे निघाला. त्याचं पान रिकामं होतं, आणि त्याच्या शेजारचं पान व्हॅलेरियनचं होतं. मटिल्डाने त्यात वाफाळता भात वाढला, आणि व्हॅलेरियन त्या दोन पानांकडे बघत राहिला.

"थांब, एडवर्ड!" तो ओरडला. "तो खोटं बोलतोय. तार मला मिळाली. गुरुवारीच. थांबा म्हणून मीच कळवलं. तो निघ म्हणत होता, माझी बॅग भरत होता. मी ऐकलं नाही."

सगळ्या माना वळल्या. व्हॅलेरियनला वाटलं, आता आभाळ कोसळेल, आणि कोसळलं तर बरंच होईल. तो डोळे मिटून उभा राहिला. पण कोसळलं काहीच नाही. प्लासिड जवळ आला आणि त्याने भावाच्या खांद्यावर हात ठेवला.

"बस खाली," तो हलक्या आवाजात म्हणाला. "कळतं आम्हाला. सहा वर्षांची जोडी हाय. तुला वाईट वाटतं. पण असं अंगावर ओढून घ्यायचं नाय."

"दादा, खरं सांगतोय मी!"

"मग महिनाभर का नाय सांगितलंस?" मटिल्डाने विचारलं. "तो कबूल झाल्यावर बरं आठवलं तुला?"

 याचं उत्तर इतकं लाजिरवाणं होतं की ते तोंडातून बाहेर येईना. "भीती वाटली," तो शेवटी पुटपुटला.

"आयची भीती?" प्लासिड किंचित हसला, महिन्यात पहिल्यांदा. "तू? अरे, तू आयला कधी घाबरलास? लहानपणी कवलं फोडलीस ती सुद्धा धावत येऊन सांगितलीस." तो इतरांकडे वळला. "बाबाचा पोर हाय. साहेबाची लाज राखायला बाबा हरायचा, हा मित्राची राखायला खोटं बोलतो."

माणसांनी माना डोलावल्या. काळूरामही म्हणाला, "निकोलसच हाय तो, दुसरा." आणि सालोमी आली, तिने व्हॅलेरियनचं डोकं दोन्ही हातांनी खाली ओढलं आणि कपाळावर अंगठ्याने क्रूस काढला. "तुझ्या बापाने हे बघायला हवं होतं," ती म्हणाली आणि पहिल्यांदाच मोकळी रडली. त्या हातांखालून डोकं काढून घेण्याचं बळ व्हॅलेरियनला कुठून येणार?

त्याचा दंड कुणीतरी घट्ट धरला. बेटी होती. "इकडे ये," ती म्हणाली, आणि फाटकाशी उभ्या एडवर्डला तिने हाक मारली, "तू पण." शाळेत पोरांना वर्गाबाहेर काढावं तशी ती दोघांना घराच्या मागे घेऊन गेली, केळीतून, वाडीला पाणी देणाऱ्या बावखलाच्या काठापर्यंत. उन्हाळ्याने बावखलाचं पाणी तळाला गेलं होतं आणि काठचा चिखल भेगाळला होता. माड सरळ उभे होते, एक झावळी हलत नव्हती.

"आत्ता बोललास ते खरं?" तिने भावाला विचारलं.

"खरं."

"ठाऊक आहे मला. खोटं बोलताना तू माणसाच्या डोळ्यांत बघतोस. महिनाभर सगळ्यांच्या डोळ्यांत बघत होतास. आज पायाकडे बघत होतास." तिने त्याला एवढ्यावर सोडून दिलं, जणू त्याचा हिशेब तिच्यापुरता कधीच संपला होता. ती एडवर्डकडे वळली. "आणि तू? तू का हो म्हणालास?"

"तो बोलत नव्हता. कुणीतरी बोलायला हवं होतं."

"आय लग्न मोडेल हे तुला कळलं नव्हतं?"

एडवर्ड चिखलाच्या भेगांकडे बघत राहिला.

"कळलं होतं की नव्हतं?"

"कळलं होतं."

"तरी म्हणालास."

"बेटी, मी ठरवून नाही केलं. त्याच्याकडून सुटलं की मी घेतो. सहा वर्षं तेच केलंय. त्यात विचार नसतो, हात आपोआप जातो."

"तेच म्हणते मी. विचार नव्हता." तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "आयने मोडलं असतं ना, तर मी जोडलं असतं. वर्षभर भांडले असते. जेवले नसते. शेवटी रजिस्टर करून आले असते तुझ्याबरोबर, माझी तयारी होती. महिनाभर या घरात एकटी तुझ्या बाजूने बोलत होते, शेजारणी तोंडावर हसायच्या. आणि तू आलास आणि पाच मिनिटांत मला सोडून दिलंस. मला विचारलं नाहीस, माझ्याकडे बघितलं पण नाहीस. कुणाकडे बघितलंस? याच्याकडे. दोनदा."

"मी आत जाऊन आयला सांगतो," एडवर्ड म्हणाला. "आता सांगतो. खरं काय ते."

"सांग. ती म्हणेल, पोरगा फिरला. पण समज, ऐकलं तिने. समज, लग्न झालं. पुढे काय? हा चुकणार, तू घेणार, आणि मी इथे बसून लोकांना उत्तरं देणार. मला नको, एडवर्ड. तुमच्या दोघांत तिसरी मी नाही येत."

ती अंगठी काढायला लागली. दमट हवेने बोट फुगलं होतं, अंगठी निघेना. ती फिरवून फिरवून ओढत राहिली, बोट लाल झालं, डोळ्यांतून पाणी आलं ते त्या दुखण्याने की कशाने, सांगता येत नाही. दोघे समोर उभे होते. पुढे होऊन तिचा हात धरावा असं दोघांनाही वाटलं आणि दोघांतला एकही हलला नाही. शेवटी निघाली. तिने ती एडवर्डच्या शर्टाच्या खिशात टाकली आणि केळीतून घराकडे गेली. तिने मागे वळून पाहिलं नाही.

 घरातून ताटांचे आवाज येत होते.

"एडवर्ड," व्हॅलेरियन म्हणाला, "मी पुन्हा सांगतो आयला. शपथ घेऊन सांगतो. चर्चमध्ये घेतो."

"राहू दे. आयचं आता बरं चाललंय."

"तू परवा येणार नसशील तर मी समजू शकतो."

"न येऊन काय करू?" एडवर्ड म्हणाला. तो रागावलेला दिसत नव्हता. रागावला असता तर व्हॅलेरियनला सोसलं असतं. "बत्तीस एकर वाडी नाही माझी. एकट्याने खेळता येत नाही मला, तुलाही येत नाही. येतो मी. पण एक अट आहे. माझ्याशी बोलायचं नाही. कोर्टावर नाही, खोलीत नाही. नाव घालायचं असेल तिथे कागदावर लिहून ठेव, मी सही करेन."

ही अट दोघांनी अखेरपर्यंत पाळली. ते लंडनला गेले, दोन फेऱ्या जिंकले आणि त्यानंतरही चार वर्षं जोडीने खेळले, पूर्वीपेक्षा चांगले खेळले. खेळावर लिहिणाऱ्या एका परदेशी गृहस्थाने तर मोठ्या कौतुकाने लिहिलं की या दोघा भारतीयांना एकमेकांचं इतकं कळतं की त्यांना शब्दांची गरज लागत नाही. ते कात्रण प्लासिडने जपून ठेवलं.

पण ते सगळं पुढचं. त्या दुपारी एडवर्ड परसातूनच बाहेर पडला, सायकल घेतली आणि गेला. व्हॅलेरियन बावखलाच्या काठी उभा राहिला. मग आतून आईची हाक आली, महिन्यात आली नव्हती अशी, मोठी, घरभर जाणारी. तो ओटीवर गेला. बेटीची खोली बंद होती. सालोमीने त्याच्यासाठी पान राखून ठेवलं होतं आणि बाकीचे उठले तरी ती त्याच्या पानाशी बसून होती.

"ये, पोरा," ती म्हणाली. "तू जेवल्याशिवाय मी जेवणार नाय."

तिने पातेल्यात पळी घालून चांगले चांगले तुकडे वेचले आणि त्याच्या भातावर घातले. तो खाली बसला. आई एकेक घास बघत होती, म्हणून तो जेवला. पान संपलं तेव्हा तिने न विचारता पुन्हा वाढलं, आणि त्याने ते सुद्धा संपवलं.